जुन्या जॅग्वारचा लाकडी डॅशबोर्ड घरी पॉलिश करायचा असेल तर

मामांची १९६३ ची जॅग्वार मार्क २ आमच्या पुण्याच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली तेव्हा इंजिन बरं होतं, पत्रा ठीक होता, पण दार उघडून आत बघितलं आणि पोटात कालवलं. ड्रायव्हरसमोरच्या पॅनलवरचं पॉलिश उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यासारखं भेगाळलेलं, ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाचा खालचा कोपरा उचकटून वर आलेला, आणि काचेच्या रबरातून वर्षानुवर्षं पाणी झिरपून वरच्या पट्टीवर काळा डाग. ही गाडी १९५९ ते १९६७ अशी कोव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात बनली, ८३ हजारांहून जास्त नग निघाले, आणि तिच्यात बसल्यावर जे काही वाटतं त्यातलं निम्मं त्या अक्रोडाच्या लाकडामुळे वाटतं असं माझं ठाम मत आहे. त्या कारखान्यात गाड्या बनणं २००५ साली थांबलं तरी व्हिनिअरचं, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचं खातं तिथे पुढेही चालू राहिलं, यावरून त्या लोकांच्या लेखी लाकडाचं काय मोल होतं ते कळतं.

मी सुतार नाही, नोकरी करून रविवारी हे केलं, सात-आठ आठवडे गेले. जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय. मार्क २ माझ्या हाताखालून गेली म्हणून उदाहरण तिचं, पण त्या काळच्या कुठल्याही ब्रिटिश गाडीच्या लाकडाला बहुतेक हेच लागू पडेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. व्हिनिअर म्हणजे खऱ्या लाकडाचा पापुद्रा, प्लायवर किंवा साध्या लाकडावर चिकटवलेला. जुना असेल तर जाडी एक मिलिमीटरच्या आतच, आणि पूर्वी कोणी एकदा घासून पॉलिश केलं असेल तर त्याहून कमी. आजकाल मिळतो तो साधारण अर्धा मिलिमीटर. म्हणजे तुमच्याकडे घासायला फार काही नाहीच, आणि एकदा आरपार घासलं गेलं की खालचं फिकं लाकूड दिसतं, ते कशानेही लपत नाही. मी वरच्या पट्टीच्या कडेला हेच करून बसलो, नखाएवढी जागा, आणि ती दुरुस्त करायला दोन रविवार गेले.

दुसरं म्हणजे हे लाकूड बऱ्याचदा अक्रोडाच्या गाठीचं असतं. खोडाच्या बुंध्याशी जी वेडीवाकडी गाठ वाढते तिचे काप काढतात, त्यामुळे रेषा चारी दिशांना पळतात, मध्येच डोळे दिसतात. एकाच गाठीचे लागोपाठचे काप पुस्तकाच्या पानांसारखे उघडून डावी-उजवीकडे लावले की नक्षी आरशातल्यासारखी जुळते. म्हणून माझा आग्रह असा की मूळ व्हिनिअर वाचत असेल तर वाचवाच. एक पॅनल नवं केलं की ते बाकीच्यांशी जुळत नाही आणि मग सगळंच बदलावं लागतं, दारावरच्या पट्ट्यांसकट.

बाहेर काढणं

बॅटरीची वायर काढल्याशिवाय डॅशबोर्डला हात लावायचा नाही. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं प्लस टर्मिनल बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या सवयीच्या उलट, त्यामुळे आधी बघा कुठली वायर बॉडीला गेलीय आणि ती पहिली काढा. मार्क २ मध्ये मधलं मीटरचं पॅनल हा सगळ्यात सोपा भाग आहे, वरचे दोन गोल खाचांचे स्क्रू हाताने सोडले की पूर्ण पॅनल बिजागरीवर पुढे पडतं आणि मागची सगळी वायरिंग समोर येते. ते काळं आहे, लाकडाचं नाही, लाकूड आहे ते स्पीडोमीटर आणि आरपीएम मीटरच्या पॅनलला, ग्लोव्हबॉक्सला, वरच्या पट्टीला आणि दारांना.

मोबाइलवर फोटो काढा, मग परत काढा, वेगळ्या कोनातून. प्रत्येक वायरला मास्किंग टेपचा तुकडा लावून नंबर घाला. मीटर मागून ब्रॅकेट आणि छोट्या नटवर बसलेले असतात, ते हातानेच सैल होतात, पक्कड लावू नका. स्पीडोमीटरची केबल आधी सोडवा, मग मीटर ओढा, उलटं केलं तर केबल मोडते. स्क्रू आणि त्यांच्याखालच्या पितळी वाट्या पॅनलप्रमाणे वेगळ्या पिशवीत भरा. एखादा स्क्रू गंजून बसला असेल तर जोर लावण्याआधी सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा, सुटतो, पण टोक लाकडाला लागू देऊ नका.

सगळे तुकडे बाहेर आले की अर्धा दिवस फक्त बघण्यात घालवा. नखाने पूर्ण पॅनलवर टकटक करत जायचं, जिथे आवाज पोकळ येतो तिथे व्हिनिअर सुटलंय, त्यावर खडूने गोल करा. माझ्या ग्लोव्हबॉक्सवर असे पाच गोल झाले आणि वरवर बघताना फक्त एकच दिसत होता.

जुनं पॉलिश उतरवणं

सगळ्यात आधी मेण आणि सिलिकॉन काढा. कितीतरी वर्षं कोणी ना कोणी डॅशबोर्ड चमकवायचे स्प्रे मारलेले असतात, त्यातलं सिलिकॉन लाकडात गेलं की नवीन कोटला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पेंटिंगवाल्यांकडे ग्रीस काढायचं सॉल्व्हंट मिळतं त्याने दोनदा पुसा, प्रत्येक वेळी नवीन फडकं, आणि हे घासायच्या आधी, नंतर नाही.

मग ओळखा की वर काय आहे. मागच्या कडेला न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा कापूस धरा, चिकट झालं तर लाख आहे. नाही झालं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा कापूस, त्याने मऊ पडलं तर सेल्युलोज लॅकर, मार्क २ वर मुळात हेच असतं. दोन्हीने काहीच झालं नाही तर कोणीतरी नंतर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिस्टर मारलंय, मग काम अवघड, ते हीट गन लांबून धरून हळूहळू खरवडूनच निघतं आणि गरम जास्त झालं तर खालचा गोंद सुटतो.

सेल्युलोजसाठी मला सगळ्यात आवडलेली पद्धत म्हणजे जुन्या बनियनचा तुकडा थिनरमध्ये भिजवून पॅनलवर पसरायचा, वरून प्लॅस्टिक झाकायचं, दहा-पंधरा मिनिटं सोडायचं. पॉलिश जेलीसारखं होतं आणि जुन्या एटीएम कार्डाने अलगद निघतं. लोखंडी पत्र्याचा खरवडा लागतच नाही. दोन-तीन वेळा करावं लागतं, शेवटी बारीक स्टील वूल थिनरमध्ये बुडवून पुसलं की लाकडाच्या छिद्रांतलंही निघतं. गॅलरीत किंवा गच्चीवरच करा, हातमोजे घाला, आसपास देवाचा दिवा किंवा गॅस पेटता नको. कॉस्टिक सोड्याचं पाणी मात्र चुकूनही लावू नका, एका दुकानात मला तेच सुचवलं होतं, त्याने अक्रोड काळं पडतं आणि जुना गोंद सुटून व्हिनिअरच हातात येतं.

पॉलिश निघाल्यावर लाकूड पांढरट पिवळं दिसेल, घाबरू नका. बरीच लाकडं उन्हाने काळवंडतात, अक्रोड उलट फिकं होतं, म्हणून मीटरच्या रिंगखाली झाकलेली जागा गडद आणि बाकी सगळं गव्हाळ. ती झाकलेली जागा जपा, मूळ रंग कसा होता त्याचा तो एकमेव पुरावा आहे.

दुरुस्ती

हा भाग सगळ्यात वेळखाऊ आणि मला सगळ्यात आवडलेला. फुगा आला असेल तर ब्लेडने रेषेच्या बाजूने बारीक चीर द्या, मेडिकलच्या दुकानातून इंजेक्शनची सिरिंज आणा, लाकडाचा गोंद थोडा पातळ करून आत सोडा, बोटाने दाबून सगळीकडे पसरवा, बाहेर आलेला लगेच ओल्या फडक्याने पुसा. वर बटर पेपर, त्यावर प्लायचा सपाट तुकडा, आणि क्लॅम्प. चोवीस तास हात लावायचा नाही. बटर पेपर विसरलात तर प्लायचा तुकडा पॅनलला कायमचा चिकटेल.

गोंदाबद्दल जरा थांबून सांगतो. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत सहज तापतो आणि साधा पांढरा गोंद त्या तापमानाला मऊ पडू लागतो. म्हणून हीटप्रूफ लिहिलेला घ्या, किंवा सावकाश सुकणारा इपॉक्सी. सनमायका चिकटवायचा पिवळा रबरी गोंद अजिबात नको, तो पटकन चिकटतो म्हणून मोह होतो, पण पहिल्याच मे महिन्यात फुगे येतात.

तुकडा उडालेला असेल तर ठिगळ लावायचं. इथे बहुतेक जण चौकोन कापतात आणि तो चौकोन लांबूनही दिसतो. गाठीच्या लाकडात सरळ रेघ कुठेच नसते, त्यामुळे ठिगळाची कड नागमोडी ठेवा, एखाद्या डोळ्याच्या किंवा काळ्या रेषेच्या बाजूने न्या. नवा तुकडा जुन्यावर टेपने पक्का बसवा आणि नव्या ब्लेडने दोन्ही थर एकदम कापा, म्हणजे कड कडेला बरोबर भिडते. पुण्यात टिंबर मार्केटला विचारलं की आधी आठ बाय चारच्या प्लायवर चिकटवून आलेल्या व्हिनिअरच्या शीट दाखवतात, त्या आपल्या कामाच्या नाहीत, सुटा पापुद्रा हवा असं स्पष्ट सांगा. आणि घेताना थोडा जास्तच घ्या, रंग बघायला तुकडे लागतात.

पाण्याचे काळे डाग म्हणजे बहुतेक लोखंडी स्क्रूचा गंज आणि लाकडातलं टॅनिन यांची शाई झालेली असते, घासून जात नाही, कारण ती खोलवर असते. ऑक्झॅलिक ॲसिडची पूड केमिकलच्या दुकानात मिळते, अर्धा लिटर गरम पाण्यात ४०-५० ग्रॅम विरघळवून ब्रशने लावा. फक्त डागावर नाही, पूर्ण पॅनलवर, नाहीतर तेवढीच जागा उजळ दिसते. तासाभरात डाग फिका पडताना डोळ्यांसमोर दिसतो. मग ओल्या फडक्याने तीन-चारदा पुसून काढा, पाणी ओतू नका, आणि दोन दिवस सावलीत सुकवा. ही पूड विषारी आहे, मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, आणि नीट पुसलं नसेल तर पुढे घासताना तिची धूळ नाकात जाऊन जळजळ होते.

पूर्ण व्हिनिअरच गेलं असेल तर

जुनं ओल्या कापडावर इस्त्री फिरवून सोडवा, खालचं लाकूड सपाट करा, खड्डे इपॉक्सी पुट्टीने भरा. नवीन गाठीचं व्हिनिअर पापडासारखं वेडंवाकडं आणि ठिसूळ येतं, तसंच चिकटवायला गेलात तर तडे जातील. पाण्यात थोडं ग्लिसरीन आणि स्पिरिट घालून दोन्ही बाजूंनी स्प्रे करा, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये ठेवून वर प्लाय आणि वजन, दिवसातून एकदा कागद बदला, तीन-चार दिवसांत मऊ आणि सपाट होतं. चिकटवताना मागच्या बाजूलाही साधं स्वस्त व्हिनिअर लावा, फक्त पुढून लावलं तर पॅनल धनुष्यासारखं वाकतं. मीटरची भोकं सुकल्यावर कापायची, पुढच्या बाजूने, आणि पाइपला पॉलिश पेपर गुंडाळून पुढून मागेच ढकलत घासायची, उलटं ओढलं की कडेची कपची उडते.

घासणं आणि रंग

मशीन नको. मी एका म्हाताऱ्या पॉलिश मिस्त्रींकडे ग्लोव्हबॉक्सचं झाकण घेऊन गेलो होतो, त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मशीन लावू नका साहेब, यात घासायला काय उरलंय." लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून, आधी १८० नंबरचा (तोही अगदी गरज असेल तरच), मग २४०, मग ३२०, हलक्या हाताने, कडांपाशी तर फक्त दोन-तीन वेळा. मध्ये मध्ये स्पिरिटने पुसा, गोंदाचे डाग आणि ओरखडे ओले असताना लगेच दिसतात, आणि पॉलिश झाल्यावर साधारण कसं दिसेल तेही कळतं.

रंगासाठी स्पिरिटमध्ये विरघळणारा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग घ्या, अक्रोडी रंग आणि त्यात थेंबभर लाल. बाजारातला तयार वॉलनट स्टेन बहुतेक वेळा फार काळपट असतो, निम्मा पातळ करा. तुकड्यांवर चार-पाच प्रमाणं करून बघा, प्रत्येकाच्या मागे प्रमाण लिहा, वर सीलर (छिद्रं भरणारा खालचा कोट) मारा आणि मग मीटरखालच्या त्या गडद जागेशी दिवसाच्या उजेडात ताडून बघा, ट्यूबलाइटखाली ठरवू नका. आणि गाडीतले सगळे तुकडे एकाच दिवशी एकाच बाटलीतून रंगवा, अगदी मागच्या दाराच्या पट्ट्यांपर्यंत.

कोट कुठला

यावर प्रत्येकाचं मत वेगळं, मी माझं सांगतो. चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश दिसायला सगळ्यात सुंदर, पण उष्णतेने मऊ पडतं, गाडीत टिकत नाही. मेलामाइन घरातल्या कपाटांना ठीक, इथे कडक होऊन तडकतं. मूळ सेल्युलोज लॅकर मारायला सोपा, दुरुस्तीलाही सोपा, आणि गाडी अगदी मूळ रूपात ठेवायची असेल तर तोच योग्य, पण आठ-दहा पातळ कोट लागतात, महिनाभर तो आक्रसत राहतो आणि आपल्या उन्हात पुन्हा भेगाळणार हे धरून चाला. मी टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचं) वापरलं, बाहेरच्या लाकडासाठी असतं ते, ज्यात उन्हापासून संरक्षण असतं. सीलर आणि टॉपकोट एकाच कंपनीचे घ्या, हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजाने नाही.

पण पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा फुप्फुसांना कायमचा त्रास देऊ शकतो आणि साध्या मास्कने तो अडत नाही. म्हणून स्प्रे मी घरी केला नाही, तयार पॅनल घेऊन स्प्रे बूथ असलेल्या एका गॅरेजमध्ये गेलो, रात्री त्यांचं काम संपल्यावर मारून घेतलं. घरीच करायचं असेल तर सेल्युलोज निवडा, तोही बाहेर, आणि सॉल्व्हंटचा मास्क लावून.

काहीही मारा, पावसाळ्यात मारू नका. हवेत ओल असली की सेल्युलोज पांढुरका पडतो, थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यात अडकतं. मुंबई-कोकणात तर दिवाळीनंतरच हात घाला, पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. थोडं पांढरं पडलंच तर रिटार्डर थिनरचा (हळू उडणाऱ्या थिनरचा) हलका फवारा मारला की बरेचदा जातं.

आधी सीलरचे तीन कोट, सुकल्यावर ३२० ने घासून सपाट, अक्रोडाची छिद्रं भरली नसतील तर परत दोन. तिरकस उजेडात बघा, जोपर्यंत बारीक टोचे दिसतात तोपर्यंत टॉपकोट मारायचा नाही. पॅनलची मागची बाजू आणि भोकांच्या आतल्या कडाही सीलरने बंद करा, हे सगळे विसरतात आणि पाणी तिथूनच शिरतं. मग टॉपकोट तीन ते चार, कडांवर आधी एक हलका हात, कारण कोट कडांवरून सरकून पातळ होतो.

पीयू असेल तर आठ-दहा दिवस, सेल्युलोज असेल तर किमान चार आठवडे, पॅनल कपाटावर ठेवून द्या. नंतर वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात, १००० पासून १५००, २०००, ठोकळ्यावर, कडांपासून सेंटिमीटरभर आतच. पृष्ठभाग एकसारखा मंद दिसला, मध्ये एकही चकचकीत ठिपका उरला नाही की रबिंग कंपाउंड, मग बारीक पॉलिश, हाताने. पहिल्यांदा लाकडाचे डोळे आतून उजळून वर येतात तेव्हा मामा शेजारी उभे होते आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

परत बसवताना

काळ्या वायरी आठवणीने जोडा. लाकडातून अर्थ मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक मीटरला स्वतःची अर्थची वायर असते, ती राहिली की दिवे लागत नाहीत, काटे भलतंच दाखवतात आणि माणूस उगाच मीटर खराब समजतो. रिंगखाली पातळ फेल्टचा किंवा रबराचा वायसर घाला, स्क्रू पीळ बसेपर्यंत आवळू नका, लाकडाला ऋतूप्रमाणे किंचित हलायला जागा लागते. आणि हे सगळं करण्याआधी काचेचं रबर बदला, डाग जिथून आला होता ती जागा तशीच ठेवून नवीन लाकूड खाली बसवण्यात अर्थ नाही.

यापुढे पुसायला फक्त मऊ ओलसर कापड, सिलिकॉनवाला कुठलाच स्प्रे नाही, आणि गाडी उन्हात उभी राहणार असेल तर काचेला आतून सनशेड. उरलेला एक व्हिनिअरचा तुकडा आणि स्टेनचं प्रमाण लिहिलेला कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ग्लोव्हबॉक्सच्या तळाशी ठेवलाय, पुढच्या वेळी जो कोणी हे पॅनल उघडेल त्याला शोधत बसायला लागू नये.